कान-नाक टोचताना पहिला दागिना कसा निवडावा

बेळगावात गणपत गल्लीत किंवा निपाणीच्या बाजारपेठेत नाकातली चमकी घ्यायला गेलं की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो : किती ग्रॅमपर्यंत दाखवू, आणि खडा पांढरा की लाल? भोक जुनं, बरं झालेलं असेल तर एवढं पुरे. टोचून चारच दिवस झाले असतील किंवा अजून टोचायचंच असेल, तर वजन आणि खडा या अगदी शेवटच्या गोष्टी. त्याआधी चार गोष्टी बघायच्या : धातू, दांडीची जाडी, दांडीची लांबी आणि मागची फिरकी.

ताजं भोक ही आरपार जखम असते. जागेप्रमाणे पुढचे दीड-दोन महिने ते वर्षभर तिच्यात जे बसणार आहे त्याला दागिना म्हणण्यापेक्षा मलमपट्टी म्हटलेलं बरं. मिरवायची कुडी, बुगडी, नथ हे सगळं त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते घरोघरी पाहिलेलं असतं. मुलीचं नाक सुजतं, आजी हळद-खोबरेल लावते, आठवड्याने वैतागून चमकी काढतात आणि बघता बघता भोक बुजतं. मग 'हिच्या नाकाला सोसत नाही' म्हणून दोष नाकाला. बहुतेक वेळा तो धातूचा नाहीतर मापाचा असतो.

घाट : आपले शब्द आणि स्टुडिओचे शब्द

सोनार (चिकोडी-गोकाककडे पत्तार) आणि पिअर्सिंग स्टुडिओवाला यांची भाषा वेगळी, पण वस्तू बऱ्याचशा त्याच.

कुडी, टॉप्स, बुगडी, फिरकीची चमकी हे दांडीचे दागिने. पुढे नक्षी किंवा खडा, मध्ये सरळ दांडी, मागे आट्यांवर बसणारी फिरकी. कन्नडमध्ये कोणी 'तिरुपू' म्हणालं तर तीच. स्टुडिओत याचा भाऊ म्हणजे लॅब्रेट. त्यात मागची बाजू पातळ, सपाट चकती असते आणि ती दांडीला कायमची जोडलेली असते. निघतं ते पुढचं टोक. कानाची पाळी, कानाची वरची कड आणि नाकपुडी या तिन्ही जागी ताज्या भोकाला हाच घाट सर्वांत सोयीचा. उशीवर डोकं टेकलं तरी मागून टोचत नाही, ओढणी अडकत नाही, आणि दांडी हव्या त्या लांबीची मिळते. गनने (टोचायच्या पिस्तुलाने) टोचताना जी फुलपाखरासारखी पकड मागे लावतात, तिच्या दोन वेटोळ्यांत साबण, केस आणि सुकलेला स्राव साचत राहतो. शिवाय ती 'पडू नये' म्हणून पुढे दाबली जाते. सुजलेली पाळी मग दोन बाजूंनी चेपते आणि कधी कधी पकडच कातडीत रुतते.

टोक दांडीला कसं बसतं, हे पाहणं महत्त्वाचं. पहिला प्रकार बाहेरच्या आट्यांचा : आटे दांडीवरच असतात आणि घालता-काढताना ते भोकातून ओढले जातात, बारीक करवतीसारखे. आपल्या पारंपरिक कुड्या-बुगड्या याच जातीच्या, म्हणून त्या बऱ्या झालेल्या कानासाठी. दुसऱ्या प्रकारात आटे टोकाच्या खिळ्यावर असतात आणि दांडी आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत. तिसरा बिनआट्यांचा, ज्याला थ्रेडलेस म्हणतात : टोकाची बारीक पिन किंचित वाकवून पोकळ दांडीत दाबायची, तिच्या ताणावर टोक धरून राहतं. हे काढताना फिरवत बसू नका, दोन्ही टोकं धरून सरळ ओढायचं. पिन सरळ झाली असेल तर पुन्हा जराशी वाकवल्याशिवाय टोक टिकत नाही. बाथरूमच्या जाळीत खडे जातात ते यामुळेच.

बाळी, भिकबाळी, मुरकी हे कडीचे दागिने. स्टुडिओत बिजागरीची कडी म्हणजे क्लिकर, मध्ये मणी अडकवलेली कडी म्हणजे कॅप्टिव्ह बीड रिंग, आणि दोन टोकांना गोळे असलेली नालेच्या आकाराची ती हॉर्सशू. ताज्या भोकात कडी टाळावी असं आमचं मत. कडी फिरते, आणि फिरताना बाहेर सुकलेली खपली आत ओढते. अपवाद नाकाच्या मधल्या पडद्याचा : तिथे हॉर्सशू चालते आणि वर वळवून लपवताही येते, घरी वादळ नको असेल तर.

नाकासाठी आणखी तीन घाट दिसतील. एल आकाराची तार, गोल वळवलेली स्क्रू तार, आणि टोकाला बारीक गाठ असलेली सरळ दांडी, म्हणजे बोन. पहिल्या दोन बऱ्या झालेल्या नाकात ठीक. बोन मात्र घेऊच नये, कारण काढताना ती गाठ भोकातून परत ओढावी लागते आणि दर वेळी नवी जखम होते.

दोन्ही टोकांना गोळे असलेल्या सरळ दांडीला बारबेल म्हणतात, ती जिभेसाठी. किंचित वाकवलेली बारबेल बेंबी आणि भुवईसाठी. बेंबी टोचायची असेल तर एक घरगुती अडचण आधीच लक्षात घ्या : साडीच्या निऱ्या नेमक्या तिथेच खोचल्या जातात आणि परकराची नाडीही तिथेच येते. रोज साडी नेसणाऱ्यांनी एकतर साडी दोन-तीन बोटं खाली नेसायची सवय करावी, नाहीतर बेंबीचा नाद सोडावा.

धातू

टायटॅनियमपासून सुरुवात करू, कारण नवख्यासाठी सर्वांत कमी कटकटीचा धातू तोच. शरीरात बसवण्याच्या इम्प्लांटसाठी वापरतात त्या मिश्रधातूचं मानक एएसटीएम एफ-१३६. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. निकेल हा त्याचा घटकच नाही. विक्रेते पाकिटावर 'जी-२३' लिहितात, ते याच जातीचं नाव. पण नुसतं छापलेलं नाव पुरावा नव्हे. चांगला विक्रेता मिल सर्टिफिकेट, म्हणजे धातूच्या कारखान्याचा दाखला दाखवतो, आणि त्यावर त्या लॉटचा हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक असतो. टायटॅनियम हातात हलकं लागतं : स्टीलची घनता ८ च्या आसपास, याची ४.५. एकाच मापाचे दोन लॅब्रेट दोन तळहातांवर ठेवले तरी फरक कळतो. लोहचुंबकाने मात्र खात्री होत नाही, कारण ३१६ एल स्टीलही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. चुंबकाने साधं लोखंड तेवढं पकडलं जातं.

टायटॅनियमवरचा निळा, जांभळा, सोनेरी रंग हा मुलामा नसतो. विजेच्या दाबाने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढवतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. घासून घासून तो फिका पडेल, पण पापुद्रे निघणार नाहीत. काळा रंग या पद्धतीने येत नाही, त्यासाठी वेगळा लेप द्यावा लागतो. म्हणून पहिल्या भोकात काळं नको. आणि सोनाराकडे टायटॅनियम घडवून मागू नका. ते १६६८ अंशांना वितळतं आणि तापवलं की हवेशी झटपट संयोग पावतं. ते तयारच घ्यावं लागतं.

'सर्जिकल स्टील' हा शब्द ऐकला की जरा थांबा. त्याला ठरलेला एक अर्थ नाही. ३१६ एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. इम्प्लांटच्या दर्जाच्या एफ-१३८ स्टीलमध्येही ते १३ ते १५ टक्के असतं, पण पृष्ठभाग इतका घट्ट आणि गुळगुळीत असतो की ते फारच थोडं बाहेर पडतं. महत्त्व निकेल किती आहे याला कमी, किती सुटतं याला जास्त. युरोपीय संघाने टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी मर्यादा घातली आहे ती सुटणाऱ्या निकेलवरच : दर चौरस सेंटिमीटरला आठवड्यात ०.२ मायक्रोग्रॅम. घड्याळाच्या पट्ट्याखाली, जीन्सच्या बटणापाशी किंवा खोट्या कानातल्याने खाज सुटत असेल तर निकेलचं वावडं असण्याची शक्यता मोठी. अशांनी स्टीलच्या वाटेला जाऊ नये.

आता सोनं. आपल्या घरांत वाद होतो तो इथेच. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, १८ कॅरेट ७५ टक्के, १४ कॅरेट ५८.५ टक्के. घरातल्या मोठ्यांना २२ च्या खाली काही नको असतं, 'मोड चांगली येते' म्हणून. मोडीचा हिशेब बरोबर आहे. पण २२ कॅरेटची बारीक दांडी मऊ असते : वाकते, ओरखडे पडतात, आटे लवकर झिजतात, आणि ओरखड्यांत मळ धरतो. ताज्या भोकाला १४ किंवा १८ कॅरेट बरं, फक्त त्यात मिसळलेला धातू कोणता ते विचारायचं. पांढऱ्या सोन्यात पांढरेपणासाठी निकेल किंवा पॅलेडियम घालतात. पॅलेडियमचं असेल तरच घ्या.

हॉलमार्कच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक हवी. २ ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही. चमकी, मोरणी, लहान बाळाची बाळी बहुधा या मर्यादेच्या आतच बसते. म्हणजे ज्या वस्तू थेट जखमेत जातात, त्यांनाच तपासणीतून सूट! म्हणून बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्या, आणि दुकानात कॅरेटमीटर असेल तर वस्तू त्यावर ठेवायला सांगा. ते यंत्र क्ष-किरणांनी धातूंची टक्केवारी काढतं. सोनं किती एवढंच वाचून थांबू नका, खालच्या ओळीत तांबं, चांदी, जस्त आणि निकेल यांचे आकडे असतील तेही पाहा. मोठ्या वस्तूवर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक असतो, सहा अक्षर-अंकांचा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो.

सोन्याच्या दागिन्यात दांडी डोक्याला डाग देऊन, म्हणजे झाळून जोडलेली असते. पूर्वी या डागात कॅडमियम असायचं. जुन्या पाट्यांवरचं 'केडीएम' ते हेच. त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून ते मागे पडलं. आजीच्या पेटीतली जुनी कुडी नातीच्या ताज्या कानात घालायचा बेत असेल तर सहा महिने थांबा, आणि सोनाराकडून दांडी नवी करून घ्या.

सोनार जी बारीक सोन्याची तार टोचून तिथेच वळवतो, तिच्याबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. चोख सोनं कातडीशी भांडत नाही, तार गुळगुळीत असते आणि मागे मळ धरायला फिरकी नसते, त्यामुळे कितीतरी कान असे बिनतक्रार बरे झाले आहेत. बिघडतं ते दोन ठिकाणी. तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक असेल तर ती ताणाने दोऱ्यासारखी कापत खाली येते. कान 'ओघळतात' ते असे. आणि कात्रीने तोडलेलं टोक घासून गोल केलेलं नसेल तर आतून टोचत राहतं.

बाकीचं भराभर. एक ग्रॅम सोन्याचे दागिने म्हणजे तांब्या-पितळेवरचा सोन्याचा पातळ मुलामा. स्रावाने मुलामा उडतो आणि खालचं पितळ जखमेला लागतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, ते तांबं-निकेल-जस्त आहे. निकेलचं वावडं असलेल्याने ते बऱ्या झालेल्या भोकातही घालू नये. हुपरीची चांदी पैंजण-जोडव्यांना उत्तम, पण ताज्या भोकात चांदी काळी पडते आणि तिचे कण कातडीत बसून करडा-निळा डाग कायमचा राहू शकतो. ॲक्रिलिकला चिरा जातात. लाकूड, शिंग, हाड हे बऱ्या झालेल्या भोकासाठी. नायोबियम हा धातू उत्तम पण आपल्याकडे क्वचित दिसतं. काच अगदी निरुपद्रवी. भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी किंवा केरसुणीची हीर घालायची पद्धत अजून आहे. काडी ओली होते, फुगते, तिचे धागे आत राहतात. तेच काम काचेची गुळगुळीत दांडी करते.

माप : गेजवर विसंबू नका

गेज म्हणजे तारेच्या किंवा दांडीच्या जाडीचा आकडा. स्टुडिओतले गेज अमेरिकन पद्धतीचे. २० गेज म्हणजे ०.८ मि.मी., १८ म्हणजे १.०, १६ म्हणजे १.२, आणि १४ म्हणजे १.६. आकडा वाढला की जाडी कमी होते. सोनाराच्या किंवा तारेच्या दुकानात गेज ब्रिटिश पद्धतीचे निघाले तर तिथलं १८ गेज म्हणजे १.२२ मि.मी. म्हणजे स्टुडिओत '१८' ऐकून तुम्ही सोनाराला '१८' सांगितलंत, तर दांडी भोकापेक्षा जाड येईल, आणि जोर लावून घातली की भोक फाटेल. दोन्हीकडे मिलिमीटरमध्येच बोला.

नाकपुडीला ०.८ ते १.० मि.मी., कानाच्या पाळीला ०.८ ते १.२, कानाच्या वरच्या कडेला १.२, मधल्या पडद्याला १.२ किंवा १.६, बेंबीला आणि जिभेला १.६ मि.मी. या रूढ जाड्या. फार बारीक दांडी ताजी असताना कापते, हे वर आलंच. एकदा १.२ चं भोक झालं की त्यात ०.८ ची कुडी बसते, पण काही आठवड्यांत भोक तिच्या मापाला आकसतं आणि पुन्हा १.२ जात नाही.

लांबी मोजताना टोकं सोडून मधली दांडीच मोजायची. पहिल्या दिवसांत सूज येते, म्हणून कातडीच्या जाडीपेक्षा सुमारे २ मि.मी. जास्त ठेवतात. पाळी आणि नाकपुडी यांना साधारण ६ ते ८ मि.मी., बेंबीला १० मि.मी., जिभेला सुरुवातीला १६ ते १८. कडीचा आकडा आतल्या व्यासाचा असतो : नाकपुडीला ७-८, कानाच्या वरच्या कडेला ८ ते १०. प्लास्टिकचा साधा व्हर्निअर कॅलिपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. घरातल्या जुन्या कुड्यांच्या दांड्या त्याने एकदा मोजून पाहा; एकाच जोडीतल्या दोन दांड्या वेगळ्या भरल्या तरी नवल वाटायला नको, हातकाम आहे.

घेताना हातात धरून तपासा

चिमूटभर कापूस घ्या आणि दांडीवरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हलकेच ओढा. मग उलट दिशेने. कापसाचा एखादा तंतू जरी अडकला तरी तिथे कंगोरा आहे, आणि जो कंगोरा कापूस धरतो तो आतली नवी कातडीही धरणार. कडी असेल तर बिजागरीवर आणि जोडावर दोनदा ओढा. त्यानंतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून दांडी उजेडात फिरवा. आरशासारखी चकाकी हवी. बारीक समांतर रेघा दिसल्या तर पॉलिश अर्धवट आहे. टोकापाशी पिवळ्याखाली लालसर किंवा करडा रंग डोकावत असेल तर तो मुलामा, ठेवून द्या. शेवटी फिरकी तीन-चार वेळा लावा आणि काढा : अर्ध्या फेऱ्यात अडखळत असेल तर आटे तिरपे पडलेत आणि महिन्याभरात ते मरतील.

सौंदत्तीच्या किंवा चिंचलीच्या यात्रेतलं कानातलं कौतुकाने घ्या, पण बऱ्या झालेल्या कानासाठी.

टोचण्याचा दिवस

लग्न डोळ्यासमोर असेल तर उलटं मोजा. नाकपुडी बरी व्हायला चार ते सहा महिने. वैशाखातल्या लग्नात टोचलेल्या नाकात नथ घालायची तर दिवाळीच्या सुमारास टोचलेलं असावं. हळदीच्या आदल्या आठवड्यात टोचलेल्या नाकात हळद जाते आणि मग फोटोत नाकच दिसतं. उशीर झाला असेल तर चापाची नथ लावा, त्यात काही कमीपणा नाही. पाळीला सहा ते आठ आठवडे, बुगडी-भिकबाळीच्या जागेला सहा महिने ते वर्ष, बेंबीलाही तेवढाच. नीट परीक्षेला कानातलं-नाकातलं चालत नाही, तेव्हा बारावीच्या वर्षी जानेवारीनंतर नवं भोक पाडू नये.

खानापूरकडच्या पावसात जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं. ओली ओढणी, रेनकोटची टोपी, हेल्मेटचं ओलं अस्तर दिवसभर कानाला घासतं. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम असेल तर धूळ आणि हात दोन्ही जपावे लागतात. कामावरून आल्यावर आधी साबणाने हात, मग भोकाला स्पर्श.

टोचणाऱ्याकडे तीन गोष्टी बघा. सुई पोकळ, एकदाच वापरायची, आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. दागिना ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या सीलबंद पाकिटात, ज्यावरची खूण रंग बदललेली. ऑटोक्लेव्हचं तत्त्व कुकरचंच, १५ पौंड दाबाची वाफ, १२१ अंश. उकळत्या पाण्यात किंवा डेटॉलमध्ये बुडवून काढणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. आणि हातमोजे नवे.

गनने कूर्चा कधीही टोचून घेऊ नये, म्हणजे बुगडीची, भिकबाळीची जागा आणि नाकपुडी. गन बोथट दांडी जोराने ठोकते, कूर्चा चेचली जाते, आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने जंतू शिरला तर आवरत नाही. कानाचा आकार आक्रसून कायमचा बिघडू शकतो. प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये टाकताही येत नाही. बाळाचे कान टोचायचे असतील तर ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशी होऊ द्या, त्यांत धनुर्वातावरचीही असते. बाराव्या दिवशीच टोचायचा रिवाज असलेल्या घरांनी एवढं मोडतं घ्यावं. नथ घालायची असेल तर टोचण्याआधीच सांगा. मराठी नथ डाव्या बाजूला, आणि तिचा आकडा नाकपुडीच्या वळीत बसायला भोक थोडं खाली लागतं. नुसत्या चमकीसाठी टोचणारा ते वर पाडतो. पेनाने ठिपका देऊन आरशात पाहिल्याशिवाय सुई लावू देऊ नका.

पुढचे महिने

दिवसातून दोनदा ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाईन. औषधाच्या दुकानात 'एनएस' म्हणून मागा. छोटी बाटली किंवा वाफाऱ्याच्या यंत्रात घालायच्या ३ मिलीच्या कुप्या मिळाल्या तर उत्तम, एक वेळ एक कुपी. नाकात घालायचे सलाईन ड्रॉप्स वेगळे. त्यांचं प्रमाण वेगळं असतं आणि बऱ्याच ड्रॉप्समध्ये टिकवण्याचं रसायन असतं. घरी मीठ-पाणी केलं की मीठ हमखास जास्त पडतं आणि कातडी कोरडी पडून तडकते. गॉज भिजवून मिनिटभर धरा, सैल झालेली खपली पुसा, कोरडं करा. कापूस नको, तंतू अडकतात. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळदीचा लेप, खोबरेल आणि ट्यूबमधलं मलम यांतलं काही नको. तेल आणि मलम भोकाचं तोंड बंद करतात, बाकीचे नव्या पेशी जाळतात.

'रोज फिरवत राहा, नाहीतर चिकटेल' हा सल्ला सगळीकडे मिळेल. तो ऐकू नका. फिरवताना सुकलेली खपली आत जाते आणि नुकतंच धरलेलं अस्तर फाटतं.

चार ते आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, टोचलेल्या ठिकाणी जाऊन दांडी आखूड करून घ्या. बहुतेक जण हे टाळतात. लांब दांडी झुलते, केसांत अडकते, तिरपी होते, आणि नाकपुडीवर किंवा कानाच्या कडेला तो लाल फोड येतो ज्याला सगळे 'केलॉइड' म्हणतात. खरा केलॉइड म्हणजे जखमेच्या वणाची गाठ, ती भोकाच्या हद्दीबाहेर पसरते आणि वाढत राहते. घरात कोणाला असेल तर टोचण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं.

पांढुरका, पातळ, वाळून कुरकुरीत होणारा स्राव नेहमीचा. धातू लागेल तिथेच खाज, पाणी सुटणं, बारीक पुरळ हे वावड्याचं लक्षण. दागिना टायटॅनियमचा करून पाहा. ठणका, गरमपणा, पसरणारी लाली, पिवळा-हिरवा पू किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग. अशा वेळी घरी दागिना उपसून काढू नका, तोंड बुजून पू आत कोंडतो. डॉक्टरांना ठरवू द्या. कानाची वरची कड लाल होऊन ठणकू लागली तर त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जा.

मग सोनाराकडे

भोक पूर्ण बरं झालं, दाबल्यावर दुखत नाही, स्राव नाही, की मनासारखा दागिना घडवायला टाका. तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या. नाकातल्या चमकीसाठी ती अशी : '१८ कॅरेट पिवळं, निकेल नको. दांडी १.० मि.मी. जाड, डोक्याच्या खालपासून फिरकीपर्यंत ६ मि.मी. आटे फक्त शेवटच्या २ मि.मी. वर, बाकी दांडी गुळगुळीत. टोक गोल घासलेलं. फिरकी सपाट, कडा मारलेल्या.' आटे शेवटच्या टोकापुरते ठेवले की भोकात गुळगुळीत भाग बसतो. कारागिराला त्याचा त्रास काहीच नाही, फक्त आधी सांगावं लागतं. नथ असेल तर आकड्याची जाडीही तशीच लिहून द्या, आणि मोत्यांचा भार केसांत अडकवायचा दोरा मागून घ्या. तयार वस्तू घ्यायला जाताना खिशात कॅलिपर आणि चिमूटभर कापूस असू द्या.